पाण्याच्या पेटीची किल्ली

कानाखाली अशी बसली की नव्या माणसाची टोपी उडून विमानाच्या चाकापाशी जाऊन पडली. वर खिडकीला नाक लावून बसलेल्या एका प्रवाशाने ते पाहिलं आणि झटकन पडदा खाली ओढला. खाली फौजदार एवढंच म्हणाला, "वायर आधी."

नव्या माणसाची चूक होती, हे मान्यच करायला हवं. विमानात तेल भरायचं तर टँकरची वायर आधी विमानाला अडकवायची, मग तेलाची जाड नळी, म्हणजे होज, जोडायची. दोघांच्या अंगात जी काही वीज साठलेली असते ती त्या वायरीतून गुपचूप निघून जाते. वायर न लावता होज जोडली आणि ठिणगी उडाली, तर पडलेली टोपी शोधायलाही कोणी उरत नाही. हे त्याला शिकवलं होतं आणि तो विसरला होता. विसरलेल्या माणसाला आठवण करून द्यायच्या जगात पुष्कळ रीती आहेत. फौजदाराला त्यातली एकच येत होती.

फौजदार हे त्याचं नाव नव्हे. तोंडावर सगळे त्याला काका म्हणत आणि पाठ वळली की फौजदार. विमानतळावर तेल भरणाऱ्या दिवसपाळीचा तो सुपरवायझर. आडवा बांधा, आखूड मान, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे चट्टे. टँकरांच्या रांगेतून तो चालत निघाला की माणसं आपोआप बाजूला सरकत. तो याला मान म्हणायचा.

त्याचा बाप ट्रकचा मेकॅनिक होता. बापाने गाडीखालून हात बाहेर काढून पाना मागायचा आणि चुकीचा पाना हातात पडला की तोच पाना पोराच्या पाठीत घालायचा. एकदा पाठ चुकली आणि बोटांवर बसला. तेव्हा वाकडी झालेली करंगळी पुढे जन्मभर वाकडीच राहिली. पण वयात येईपर्यंत पोराला सगळे पाने डोळे मिटून ओळखता येऊ लागले होते. मार खाल्ला म्हणून आलं, असा त्याने सरळ हिशोब मांडला. मार नसता तरीही कदाचित आलं असतं, हा विचार त्याच्या डोक्याला कधी शिवला नाही. बाप गेला तेव्हा तो ओक्साबोक्शी रडला आणि येईल त्याला सांगत बसला, "मारायचा हो, पण घडवलं त्यानंच."

मग विमानतळावर नोकरी लागली आणि तिथे त्याने ती आग पाहिली.

तेल भरताना एका माणसाच्या हातात एक मूठ असते, लांब केबलला लावलेली. ती दाबून धरली तरच तेल वाहतं. सोडली की थांबतं. शिवाय मधूनमधून ती सोडून पुन्हा दाबावी लागते, म्हणजे धरणारा जागा आहे हे यंत्राला कळतं. माणूस चक्कर येऊन पडला, मेला, तर मूठ सुटते आणि तेल आपोआप बंद होतं. म्हणून तिला म्हणतातच डेडमॅन. हाताला रग लागते हे खरं, आणि रग लागली की माणसाला युक्त्या सुचतात. त्या दिवशीच्या माणसाला ट्यूबची पट्टी सुचली. मुठीला पट्टी करकचून बांधून तो टँकरच्या सावलीत चहा पीत बसला. होज पंखाखाली निसटली, तेलाचा फवारा शेजारच्या चालू जनरेटरवर गेला, आणि मूठ बांधलेली असल्यामुळे तेल वाहतच राहिलं. कपलिंगपाशी, म्हणजे होज विमानाला जोडतात तिथे, उभा असलेला माणूस पेटला. पेटलेला माणूस ओरडत नाही, तो धावतो. फौजदार तेव्हा तरुण होता, त्याने त्याच्या मागे धावत जाऊन त्याला खाली पाडलं आणि उघड्या हातांनी विझवायचा प्रयत्न केला. कातडी हाताला चिकटून आली. तो माणूस वाचला नाही.

आग विझल्यावर फौजदाराने भाजलेल्या त्याच हातांनी चहा पिणाऱ्याला शोधून काढलं. त्याचं डोकं त्याने टँकरच्या बंपरवर आपटलं, पुन्हा आपटलं, आणि तिघांनी मिळून ओढलं तेव्हा कुठे तो बाजूला झाला. तो चहा पिणारा पुन्हा कामावर आला नाही. फौजदाराला मात्र वर्षाच्या आत सुपरवायझर केलं. असा जरब असलेला माणूस हवाच होता, असं वरच्यांचं म्हणणं पडलं. मारकुट्या माणसाला शिक्षा करायची सोडून त्याच्या हाताखाली माणसं दिली, आणि मग काय झालं म्हणून विचारायला सगळे मोकळे.

त्याची शिस्त खरोखर कडक होती. खिशात काडेपेटी सापडली की मांडीवर पान्याचा दांडा. होज ओढताना जमिनीवर घासली की पोटरीत बुटाची लाथ. एकाचा दात पडला, दुसऱ्याच्या कानात महिनाभर शिट्टी वाजत राहिली. कोणी तक्रार केलीच तर मोठे साहेब दोघांना खोलीत बोलावून चहा पाजत आणि म्हणत, "त्यांच्या पाळीत कधी काही झालंय का सांगा मला." झालं नव्हतं, हे खरंच होतं. साहेबांना तेवढं पुरे होतं. हात त्यांचा थोडाच दुखत होता.

फौजदाराच्या जीपमध्ये मागे एक पांढरी पेटी होती. त्यात डोळे धुवायच्या पाण्याच्या बाटल्या. तेल डोळ्यांत उडालं तर पहिल्या काही क्षणांत धुतलं पाहिजे, म्हणून ती पेटी कायम उघडी ठेवायची असा नियम. पण एका रणरणत्या दुपारी एक जण त्या बाटलीने तोंड धूत असताना सापडला. फौजदाराने बाटली त्याच्याच तोंडावर फोडली आणि दुसऱ्या दिवशी पेटीला कुलूप आलं. किल्ली फौजदाराच्या खिशात. हे चुकीचं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण सांगणार कोण?

बुटक्या ड्रायव्हरने एकदा असंच काही सांगून पाहिलं होतं. हा माणूस उंचीला एवढा कमी की टँकर चालवताना बाहेरून केबिन रिकामीच दिसायची. त्याने आपणहून येऊन सांगितलं, "काका, फिल्टरमधनं ठिबकतंय." फौजदाराने ऐकून घेण्याआधी एक ठेवून दिली. "आत्ता सांगतोस?" मग फिल्टर बदलला, टँकर दुरुस्त झाला, सगळं नियमाप्रमाणे झालं. फक्त बुटका त्यानंतर काही सांगायला आला नाही, आणि त्याचं पाहून बाकीचेही येईनासे झाले. आपली पाळी किती सुरळीत चालते, कुणाची कसली कुरकुर नाही, याचा फौजदाराला अभिमान वाटायचा.

घरी तो निराळा होता असं म्हणायची पद्धत आहे, पण तसं काही नव्हतं. घरी मारण्यासारखं कोणी नव्हतं एवढंच. मूलबाळ नाही. बायको होती, आणि तिच्यापुढे त्याचं चालत नसे. तिला आवाज चढवावा लागायचा नाही. तिने हातातलं काम थांबवून त्याच्याकडे नुसतं पाहिलं की तो जेवणाच्या ताटाशी मुकाट बसायचा. आईबाप लवकर गेल्यामुळे तिने धाकट्या भावाला लहानाचा मोठा केलेला. सहा फूट उंच, दारातून वाकून आत येणारा हा गडी अजूनही बाळ्याच होता, आणि जेवायला बसला की ती अजूनही त्याच्या ताटात न विचारता वाढायची.

बाळ्याचा कारखाना बंद पडला तेव्हा तिनेच नवऱ्याला गळ घातली. "तुमच्या हाताखाली घ्या त्याला."

"घेतो की."

"पण एक. माझ्या भावाला हात लावायचा नाही. मला ठाऊक आहे तिथं काय चालतं ते. लावलात तर त्या दिवशी मी या घरातून उठले समजा."

"अगं, मी कशाला मारतोय त्याला?" फौजदार म्हणाला, आणि तेव्हा त्याला ते खरंच वाटत होतं.

पहिले काही महिने त्याने शब्द पाळला. बाळ्या चुकला की त्याच्या शेजारच्याला पडायची. पाळीतले लोक जाम वैतागले. "तू चुकत जा, आमचे गाल आहेतच," असं बुटका बाळ्याला हसत हसत म्हणायचा, पण हसणं वरवरचंच. बाळ्याला जेवण गोड लागेना. आपल्यालाही एकदा पडली असती तर बरं, असं त्याला वाटू लागलं होतं, म्हणजे बघा.

ती पडली. एका सकाळी बाळ्याच्या हातातल्या मुठीला ट्यूबची पट्टी दिसली. घट्ट बांधलेली नव्हती, नुसती गुंडाळलेली होती, पण ती पट्टी दिसताच फौजदाराच्या डोळ्यांपुढे तो पेटून धावणारा माणूस आला. त्याने बाळ्याच्या तोंडावर बुक्की मारली. ओठ फाटला. बाळ्या खाली पडला तर बरगडीत लाथ. बाळ्या उठला असता तर फौजदाराला एका हाताने उचलून टँकरवर ठेवू शकला असता. त्याने फक्त दोन्ही हात तोंडापुढे धरले.

थोड्या वेळाने तो रक्त पुसत जवळ आला आणि हळूच म्हणाला, "दाजी, ताईला सांगणार नाही मी. दारावर आपटलो म्हणतो."

फौजदाराला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने बाळ्याच्या खांद्यावर हात ठेवला, चहा पाजला. घरी बायकोने ओठाला हळद लावली आणि दाराला शिव्या दिल्या, तेव्हा तो खाली मान घालून जेवत राहिला. पण शब्द एकदा मोडला की मोडला. पुढच्या खेपेला फारसं जड गेलं नाही, आणि त्याच्या पुढच्या खेपेला अजिबात नाही. बाळ्या बिचारा दारांवर आपटतच राहिला.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी सकाळी होज टँकरवर गुंडाळताना बाळ्याला कपलिंगपासून वीतभर अंतरावर एक फुगवटा हाताला लागला. होजचं रबर आतून सुटलं की असा फुगा येतो. अशी होज वापरायची नसते, हे त्याला माहीत होतं. त्याने बुटक्याला दाखवलं. बुटका म्हणाला, "तू जाऊन सांग. तुझे तर नातलग." दोघंही जीपकडे बघत उभे राहिले. जीपपाशी फौजदार कुणाला तरी शिव्या घालत होता, कारण टँकर कमी होते आणि विमान येऊन थांबलं होतं. ही गाडी बाजूला काढा म्हणून सांगायला जाणाऱ्याचं काय होईल, ते सांगायला नको.

"एवढं एक विमान भरून घेऊ," बाळ्या म्हणाला. "मग सांगतो."

वायर लावली. बाटलीवालीने तेलाचा नमुना काढला. ही त्यांच्यातली एकटीच बाई, तिचं काम काचेच्या बाटलीत तेल घेऊन त्यात पाणी, कचरा नाही ना ते बघण्याचं. तिने बाटली उजेडाकडे धरून साफ आहे म्हणून मान हलवली. बाळ्या शिडीच्या फळीवर चढला आणि त्याने पंखाखाली होज जोडली. बुटक्याने मूठ दाबली. सगळं जिथल्या तिथं होतं, एक होज सोडून.

आवाज मोठा नव्हता. तेल फुटलेल्या जागेतून जोरात बाहेर आलं आणि नेमकं बाळ्याच्या तोंडावर गेलं. दोन्ही हात डोळ्यांवर दाबत तो फळीवरून मागे कोसळला, पाठ आणि डोकं एकदम सिमेंटवर आपटलं. बुटक्याने मूठ टाकून दिली आणि तेल त्याच क्षणी थांबलं. टँकरचं लाल बटणही त्यानेच दाबलं, इंजिन बंद झालं. इथपर्यंत त्याने सगळं बरोबर केलं. ती मूठ बांधलेली असती तर त्या दिवशी विमानासकट सगळे गेले असते.

मग बुटक्याचं डोकं फिरलं. तेलाच्या डबक्यात उभा असलेला टँकर लांब न्यावा म्हणून तो केबिनमध्ये चढला आणि इंजिन पुन्हा चालू करायला निघाला. अशा वेळी गाडी चालू करायची नाही, एक ठिणगी पुरते. फौजदार धावत आला, त्याने दार उघडून बुटक्याला कॉलरला धरून खाली खेचलं. खेचलं ते योग्यच केलं. त्याच्या जागी कोणीही तेच केलं असतं. गाडीची किल्ली काढून घेतली, काम तिथे संपलं होतं.

पण हात थांबला नाही. त्याने बुटक्याला टँकरच्या चाकावर दाबून धरलं आणि मारायला सुरुवात केली. नाकावर, तोंडावर, पोटात. "माणूस जाळायचाय? माणूस जाळायचाय तुला?" असं तो प्रत्येक ठोशाबरोबर विचारत होता. बुटक्याला उत्तर देता येईना, तोंडात रक्त होतं. मागे बाळ्या सिमेंटवर तळमळत होता. "पाणी," तो ओरडत होता, "डोळ्यांत गेलंय, पाणी द्या."

बाटलीवाली जीपकडे धावली. पेटीला कुलूप. ती उलटी धावत आली आणि फौजदाराची बाही ओढू लागली.

"काका, किल्ली."

त्याने मागे न बघता कोपर मारलं. ते तिच्या छातीत बसलं आणि ती खाली बसली. उठून तिने पुन्हा बाही धरली.

"काका, किल्ली द्या, पेटीची किल्ली. बाळ्याचे डोळे जातायत."

त्याच्या कानांत काही शिरत नव्हतं. आधीच्या आगीतला तो चहा पिणारा, बाप, पाना, सगळं त्या हातात आलं होतं. शेवटी बाटलीवालीने त्याला सोडून दिलं आणि ती फाटकावरच्या पहारेकऱ्यांकडे पळाली. मैदान केवढं मोठं. तिथून ती पिण्याच्या पाण्याचा डबा उचलून आणेपर्यंत बाळ्याचं ओरडणं थांबलं होतं, तो नुसता कण्हत होता. ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन पाणी ओतू लागली तेव्हा कुठे फौजदाराने मागे वळून पाहिलं. पेटीची किल्ली त्याच्या खिशातच होती. तो किल्ली हातात घेऊन उभा राहिला, आणि आता तिचं काय करायचं हे त्याला कळेना.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांत आधी एकच विचारलं. "डोळे किती वेळानं धुतले?" बाटलीवालीने जे होतं ते सांगितलं. डॉक्टरीणबाई आत गेल्या. नंतर बाहेर येऊन त्यांनी सांगितलं की डोक्याला मार आहे पण धोका नाही. उजवा डोळा गेला. डावा कदाचित राहील.

बायको आली ती घरच्या चपलांवरच. ती भावाच्या उशाशी बसली आणि त्याचा हात हातात घेऊन बसून राहिली. बाळ्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. फौजदार पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभा. कितीही धुतलं तरी त्याच्या हातांना तेलाचा वास यायचाच, आज तर जास्तच येत होता.

"दाजी आहेत का?" बाळ्याने विचारलं.

"आहे मी."

"होज सकाळीच फुगलेली होती, दाजी. हाताला लागली होती माझ्या. सांगणार होतो."

एवढंसं सांगितलं असतं तर होज बदलली असती, टँकर बाजूला काढला असता, कुणाचंच काही गेलं नसतं. "मग का नाही सांगितलंस रे?" तो म्हणाला. रागाने नाही म्हणाला, खरोखर कळवळून म्हणाला. या माणसावर त्याची माया होती, हे खोटं नाही. त्याने बाळ्याच्या डोक्यावरून हात फिरवायला हात पुढे केला.

बाळ्याला दिसत नव्हतं. वास मात्र आला. हात जवळ आला तसे त्याने दचकून ताईच्या हातातून हात सोडवला आणि दोन्ही कोपरं तोंडापुढे आडवी धरली. पलंगावर अंग चोरून तो भिंतीकडे सरकला, एवढा मोठा गडी, आणि मार कधी बसतोय याची वाट बघत तसाच राहिला.

फौजदाराचा हात हवेतच थांबला. आपल्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला मिळालं, हे त्याला कळलं. त्याच्या बायकोलाही कळलं. फाटलेला ओठ, काळानिळा खांदा, ती सगळी दारं, तिने इतके दिवस ज्यांना शिव्या घातल्या ती, एकेक करून तिच्या चेहऱ्यावर येऊन गेली. ती उठली आणि दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"अगं, मी मारत नव्हतो," फौजदार म्हणाला. "आत्ता मी मारत नव्हतो."

"दिसलं मला," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, न चढलेला. "घरी जा. माझे चार कपडे बॅगेत भरून शेजारणीकडे ठेवा. तुम्ही हो म्हणाला होता, तेव्हा मीही काही बोलले होते."

"कुठं जाणार तू?"

"याला घेऊन जाईन कुठंतरी. जिथं त्याला हात पुढे करून पाणी मागता येईल." मग ती पाठ फिरवून भावाकडे वळली, त्याची कोपरं हळूहळू खाली घेऊ लागली. "गेले रे ते. बाळ्या, गेले."

तो अजून गेला नव्हता. पण मग गेला.

बाहेर व्हरांड्यात बुटका उभा होता. नाक सुजून दुप्पट झालेलं, एक डोळा मिटलेला, हातात बाळ्यासाठी आणलेली पाण्याची बाटली. फौजदार दारातून बाहेर येताच तो भिंतीला चिकटून बाजूला झाला. फौजदाराने दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत धरले, म्हणजे बुटक्याला पुढे जाता येईल. बुटका हलला नाही. फौजदार जिना उतरून दिसेनासा होईपर्यंत तो तसाच भिंतीला पाठ लावून उभा राहिला, आणि मग बाटली घेऊन आत गेला.